उरक आणि निगुती

घर सांभाळणाऱ्या माणसाचं कौतुक करताना आपल्या तोंडी दोन वाक्यं हमखास येतात. ‘काय उरक आहे हिला कामाचा!’ आणि ‘किती निगुतीनं करते सगळं!’ बरेचदा एकाच माणसाबद्दल, एकाच दमात. त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच, असं वाटायला लागतं. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. पण हे दोन गुण वेगळे आहेत. त्यांतून मिळणारं समाधान वेगळं आणि येणारा शीणही वेगळा. घरकामात मन लागत नाही, त्यात काही अर्थ वाटत नाही, असं कुणी म्हणालं की मी हल्ली आधी विचारते, कुठल्या कामात? उरकण्याच्या, की निगुतीच्या?

उरक म्हणजे कामाचा फडशा पाडण्याची ताकद. तिची घाईशी गल्लत करू नये. घाईतला माणूस हात भराभर चालवतो आणि शेवटी काहीतरी सांडून ठेवतो. उरक असलेला माणूस हात शांतपणे चालवूनही लवकर मोकळा होतो, कारण त्यानं कामांचा क्रम डोक्यात लावलेला असतो. जी कामं आपली आपण होत राहतात, ती आधी मार्गी लावायची: करपलेलं पातेलं भिजत घालायचं, कपडे साबणाच्या पाण्यात बुडवायचे, मळलेलं पीठ झाकून ठेवायचं. ती तिकडे मुरत असताना इकडे केर काढून होतो. भांडी घासतानाही काचेची आधी, मग जेवणाची, तेलकट सगळ्यात शेवटी, म्हणजे घासणी आणि पाणी शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. हे कुणी शिकवत नाही, पण ज्याला येतं त्याचा दिवसातला अर्धा तास वाचतो.

या गुणाचं विसाव्या शतकात रीतसर शास्त्र झालं. लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन अभियंता बाईंनी कारखान्यातल्या हालचाली मोजण्याची पद्धत स्वयंपाकघरात आणली. पायानं उघडायची कचरापेटी ही त्यांचीच कल्पना मानली जाते. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या भोजनडब्यातलं छोटं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. एका जागी उभं राहून हाताशी सगळं यावं, पावलं वाचावीत, हा हेतू. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली, आणि आजचा सलग ओटा आणि त्याखालचे बांधीव कप्पे हे त्याचेच वंशज आहेत. काम खरोखर सुटसुटीत झालं. फक्त एक गोष्ट झाली: त्या खोलीत एका वेळी एकच माणूस मावायचा. मुलानं शेजारी बसून काही निवडावं, कुणी गप्पा मारत हात लावावा, याला जागाच उरली नाही. उरकाचा विचार करताना तेवढंच डोळ्यांसमोर ठेवलं की असं होतं. निगुती मुळात दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकायची गोष्ट आहे.

निगुती म्हणजे काय, हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. माझ्या एका स्वेटरचं कोपर झिजून भोक पडलं होतं. मावशीनं ते हातात घेतलं आणि सुई ओवायच्या आधी बराच वेळ नुसतं उजेडाकडे धरून पाहिलं. भोकापेक्षा त्याच्या कडेनं विरलेला भाग तिला महत्त्वाचा वाटत होता. मी म्हटलं, भोक एवढंसं आहे, कडा ओढून टाचून टाकू. ती म्हणाली, ओढलंस तर तिथे गाठोडं होईल आणि शेजारून फाटेल. मग तिनं कोपराखाली एक वाटी उपडी धरली, म्हणजे कापड ताणलं जात नाही आणि चुरगळतही नाही. भोकाच्या काठापासून बोटभर लांब, जिथे वीण अजून धड होती, तिथून तिनं उभे धागे घालायला सुरुवात केली. हा ताणा. प्रत्येक वळणावर धागा घट्ट न ओढता एवढासा सैल फास ठेवायचा. का, तर नवी लोकर पहिल्या धुण्यात आटते. फास ठेवला नसेल तर सगळी जाळी आवळून येते. उभे धागे झाल्यावर आडवे, म्हणजे बाणा. एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, पुढच्या ओळीत उलट. हातमागावर जे होतं तेच, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत.

मला पहिल्या खेपेला ते जमलं नाही. मी ओढलं आणि कोपर आवळलं. उसवून पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला कुठेतरी मध्यावर बोटांना कळायला लागलं की धागा किती ताणायचा. ते कळणं शब्दांत सांगता येत नाही, पण एकदा आलं की जात नाही. निगुतीचं समाधान तिथे आहे. काम संपलं म्हणून येणारा हायसेपणा ते नाही. वस्तू आपल्याला काहीतरी सांगते आणि आपण ते ऐकू शकतो, याचा तो आनंद आहे. ओली लोकर दोरीवर टांगली की स्वतःच्या वजनानं लांबते, म्हणून ती आडवी पसरून वाळवायची. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की पक्का होतो, कारण उष्णतेनं त्यातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. तो गार पाण्यातच जायचा. ही माहिती कुणी सांगून मिळते, पण डाग पडल्या क्षणी हात आपसूक गार पाण्याकडे जातो, ती निगुती.

दोन्हींत फरक करायला मला एक कसोटी सापडली आहे. ती निम्मी उसनी आहे. मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली घरातलं काम ओळखायचा एक साधा निकष मांडला: जे दुसऱ्या कुणाकडून पैसे देऊन करून घेता येतं, ते काम. स्वयंपाक दुसरा करू शकतो, म्हणून ते काम. तुमचं जेवण तुमच्यासाठी दुसरा जेवू शकत नाही, म्हणून ते काम नाही. घरातलं श्रम हे उत्पादन आहे, हे ठामपणे सांगण्यासाठी त्यांना तो हवा होता, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी त्याला आणखी एक प्रश्न जोडते. दुसऱ्यानं ते काम करून दिलं, अगदी तसंच, तर तुम्हाला नुसतं हलकं वाटेल, की काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटेल? उष्टी भांडी कुणी घासून ठेवली तर मला शुद्ध सुख होतं. रफू कुणी करून आणून दिलं तर स्वेटर धड होतो, पण माझ्या बोटांचं शिकणं तिथेच थांबतं. पहिलं उरकाचं काम, दुसरं निगुतीचं. तुमची यादी माझ्यापेक्षा वेगळी असेल. माझ्या ओळखीत एकाला भांडी घासण्यातच शांती मिळते आणि सुई दिसली की कपाळाला आठ्या पडतात.

या दोन्हींची गल्लत झाली की घरात एक विचित्र अन्याय सुरू होतो, आणि मला तो फार जवळून माहीत आहे. जे काम नुसतं उरकायचं आहे, त्यावर निगुतीची सक्ती होते. फरशी पुसली, हे पुरत नाही. ती चकाकली पाहिजे. चादरी स्वच्छ आहेत, हे पुरत नाही. त्यांना कडक इस्त्री हवी. यंत्रांनी हे कमी व्हायला हवं होतं. पण जोअन व्हॅनेक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली अमेरिकेतल्या नोंदी पडताळल्या, तेव्हा नोकरी न करणाऱ्या गृहिणींचे घरकामाचे तास १९२४ साली आठवड्याला सुमारे ५२ होते, आणि १९६० च्या दशकात, घरोघरी यंत्रं आल्यानंतर, ५५. कपडे धुण्याला लागणारा वेळ तर वाढलाच होता, कारण कपडे वरचेवर बदलायची आणि धुवायची अपेक्षा वाढली. वाचलेला वेळ अपेक्षांनी गिळला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार पाहणी झालेल्या ६४ देशांत रोज १६.४ अब्ज तास विनामोबदला घरकाम आणि देखभालीत जातात, आणि त्यातले ७६.२ टक्के बायकांचे असतात. या डोंगराला ‘कला’ म्हणून मखरात बसवलं की तो वाटून घ्यायची गोष्ट कुणी काढत नाही. ‘तुझ्या हाताला जी चव आहे ती आमच्या नाही’ हे कौतुकही असतं आणि कधी कधी रोजचा ओटा तिच्याच गळ्यात ठेवण्याची युक्तीही.

गल्लत उलट्या बाजूनंही होते, आणि तिचंही मला तितकंच वाईट वाटतं. राबण्याला कंटाळलेली, रास्त कंटाळलेली माणसं कसबही त्याच्याबरोबर टाकून देतात. शिवणं, विणणं, धार लावणं, दुरुस्त करणं, सगळंच ‘बायकी कटकट’ म्हणून एका बोचक्यात. मग ज्या हातांना ते येत होतं ते हात जातात, आणि त्यांच्याबरोबर सैल फास ठेवायचं ते शहाणपणही.

एक मात्र खरं, की काम जन्मानं एका बाजूचं नसतं. घाईच्या सकाळी पीठ मळणं हे उरकायचंच काम. सुट्टीच्या दिवशी तेच पीठ पाणी घालून नुसतं झाकून ठेवावं, वीसेक मिनिटांनी हात लावावा, तर न मळताच ते बरंच लवचीक झालेलं असतं. पाणी मुरून त्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, आपलं आपण जुळायला लागतं. तेव्हा तेच काम दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं. फरक पिठात नसतो. मागे कुणी उभं आहे का, तास आपला आहे का, आणि उरलेला डोंगर कुणी वाटून घेतला आहे का, यावर ते ठरतं. म्हणून आमच्याकडे आधी उरकायची कामं वाटली गेली: भांडी, केर, कपडे वाळत घालणं, आठवड्याला आळीपाळीनं. त्यात कुणाची पद्धत चांगली यावर बोलायचं नाही, झालं म्हणजे झालं. सुरुवातीला मला पुसट राहिलेले डाग दिसायचे आणि जीभ वळवळायची. आता दिसतात, पण मी फडकं उचलत नाही.

त्यातून जे दोन तास मोकळे झाले, त्यांत मी तो स्वेटर पुन्हा काढला आहे. रफू केलेलं कोपर टिकलंय. दुसरं आता उजेडाकडे धरलं की विरलेलं दिसतं, अजून भोक पडलेलं नाही. भोक पडण्याआधीच आतल्या बाजूनं विरळ जाळी विणून घेतली तर मूळचे धागेच वाचतात आणि बाहेरून काही दिसतही नाही. या वेळी वाटी माझ्या मुलानं धरली आहे. तो धागा ओढतोय.