जुन्या गाडीचा गंज आणि 15 वर्षांनंतरचं पासिंग

नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत फेरनोंदणीला येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये ताज्या रंगाचा वास येणाऱ्या बऱ्याच असतात. पासिंगच्या आधी गाडी डेंटरकडे टाकायची, गंजलेल्या भोकांत पुट्टी भरून घ्यायची आणि वरून रंग मारायचा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. तो कसा पडला हे समजून घ्यायचं तर कायदा आणि गाडीची बांधणी, दोन्ही मागे जाऊन पाहावं लागतं.

1939 चा मोटार वाहन कायदा जाऊन 1988 चा कायदा आला आणि 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्याच्या कलम 41 नुसार खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते. पुढे तपासणी करून दर वेळी 5 वर्षांसाठी नूतनीकरण होतं. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी यांना फिटनेससाठी वरचेवर जावं लागतं. घरची कार मात्र पहिली 15 वर्षं सहसा निरीक्षकासमोर उभीच राहत नाही. ब्रिटनमध्ये 1960 साली अशी तपासणी सुरू झाली ती 10 वर्षं जुन्या गाड्यांसाठी. 1967 मध्ये ही अट 3 वर्षांवर आणली गेली. तिथे सीटबेल्ट, सस्पेन्शन यांच्या जोडाच्या 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा फार गंजलेला निघाला तर गाडी नापास होते. आपल्याकडे गंजाचा निवाडा बराचसा निरीक्षकाच्या नजरेवर राहिला, आणि नजरेसाठी रंग पुरतो.

गाड्याही बदलल्या. महिंद्राच्या जीपला खाली वेगळी, जाड चेसिस, म्हणजे भार पेलणारा लोखंडी सांगाडा, असते. नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओचीही बांधणी तशीच. तिथे वरचा पत्रा सडला तरी गाडीचा कणा शाबूत राहू शकतो. 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 ला मात्र वेगळी चेसिसच नव्हती. फ्लोअर, दरवाजाखालची पट्टी आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. अशा गाडीच्या दरवाजाखाली पुट्टी भरणं म्हणजे भार पेलणाऱ्या जागी भुसा भरण्यासारखं आहे, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फुगे येतात. फुगा दिसेपर्यंत आतली बाजू बहुधा आधीच गेलेली असते.

नाशिकला समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे इथली गाडी मुंबईच्या गाडीपेक्षा उशिरा गंजते. मुंबईहून आणलेली सेकंडहँड गाडी म्हणूनच खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पण इथे गोदावरी आहे. सप्टेंबर 2008 आणि 2 ऑगस्ट 2016 च्या पुरांत नदीकाठच्या भागात पाणी शिरलं. पाणी ओसरलं तरी दरवाजाखालच्या पोकळीत गाळ राहतो, पाणी निचरायची भोकं बुजतात आणि पत्रा महिनोन्‌महिने ओला राहतो. अशी गाडी वरून चकचकीत दिसते, पण काही वर्षांनी फ्लोअर हाताने दाबला तरी खचतो.

दुरुस्तीची रीतही हळूहळू बदलली. पूर्वी गॅस वेल्डिंग चाले. त्याच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होई आणि आजूबाजूचा रंग जळून नव्या गंजाला वाट मिळे. सीओटू वेल्डिंगमध्ये, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात विजेने केलेल्या वेल्डिंगमध्ये, उष्णता कमी जागेत राहते. सातपूर-अंबडच्या कारखानदारीत रुळलेलं हे काम आता गॅरेजातही होतं. चांगला डेंटर आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहतो, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापतो, नवा तुकडा वेल्ड करतो, मग प्रायमर, सांध्यांना सीलर आणि पोकळीत मेण किंवा अँटी-रस्ट मारतो. यात वेळ जातो, पैसाही जातो. पुट्टीचा मोह तिथेच होतो.

जुन्या गाड्या भंगारात काढण्याच्या 2021 च्या स्क्रॅप धोरणाने हिशेब बदलला. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क 600 वरून 5,000 रुपयांवर गेलं, 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी ते 10,000 झालं. महाराष्ट्राचा पर्यावरण कर 2010 पासून आहेच. यंत्रावर तपासणी करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक नाशिकला उभं राहिलं. तिथलं यंत्र ब्रेक, हेडलाइट, धूर मोजतं. गंज मोजणारं यंत्र तिथेही नाही. त्यासाठी माणसालाच खड्ड्यात उतरून, टॉर्च मारून गाडी खालून पाहावी लागते.

एका ठिकाणी मात्र रंगाचा काही उपयोग होत नाही, ते म्हणजे चेसिस नंबर, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख क्रमांक. वेगळी चेसिस नसलेल्या गाडीलाही तो असतो. फेरनोंदणीच्या अर्जासोबत त्याचा पेन्सिलने घेतलेला छाप लागतो. अंक गंजून गेले असतील तर आरटीओची परवानगी घेऊन ते पुन्हा पंच करून घ्यावे लागतात आणि त्यात वेळ जातो. म्हणून डेंटरकडे गाडी टाकायच्या आधी तो नंबर पुसून, नीट वाचून पाहावा, आणि त्या जागेवर ग्राइंडर फिरू देऊ नये.