चिन्ह बदललं की चित्र?

छापखान्याच्या काउंटरवर २०२२ पासून हेच ऐकतोय: "दिल्लीत सिंह बदलले." नव्या संसदेवरच्या शिल्पात ते उग्र दिसतात, म्हणून देशाचं राजचिन्हच बदललं म्हणे. अहो, बदललं नाही!

सिंह देशाचे आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कर्नाटकाचा, हे बेळगावात शाळकरी पोरालाही कळतं. त्यात वेळ घालवत नाही. फक्त "अशोकस्तंभ छापा" म्हणू नका. स्तंभ सारनाथचा, कागदावर येतं ते त्याच्या शिरोभागाचं चित्र.

घोळ होतो तो पुढे. चिन्ह ठरतं त्यात काय काय आहे यावरून: समोरून दिसणारे तीन सिंह, खाली चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा, तळाशी 'सत्यमेव जयते'. २६ जानेवारी १९५० पासून हेच आहे. जबडा किती वासलेला, आयाळ किती दाट, हा घडवणाऱ्याच्या हाताचा भाग. नव्या संसदेवरचं साडेसहा मीटर उंच कांस्यशिल्प कायदा मोडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं. शिल्प आवडलं नाही म्हणा, मलाही सारनाथचेच शांत सिंह आवडतात. पण ती नावड झाली, बदल नव्हे.

बदल बघायचाय? मग इथे बेळगावजवळ हलग्याला कर्नाटकाच्या विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध, आहे, त्या कर्नाटक सरकारचं चिन्ह बघा. गंडभेरुंड मैसूरच्या वडियार राजांचा, दोन्ही बाजूंचे गजकेसरी, म्हणजे हत्तीच्या तोंडाचे सिंह, तेही त्यांचेच. पण त्यांचं ब्रीद होतं 'न बिभेति कदाचन', म्हणजे कधीच भीत नाही. ते गेलं, 'सत्यमेव जयते' आलं, आणि डोक्यावर अशोकाचे सिंह बसले. हा खरा बदल. पक्षी तोच राहिला म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यात आपण बेळगावकर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, वडियारांचं ब्रीद आपल्या कागदांवर कशाला असेल?

कॅनडाच्या चिन्हात दोन्ही प्रकार सापडतात. १९५७ साली मेपलची हिरवी पानं लाल झाली, तरी चिन्ह तेच. कारण मूळ वर्णनात पानं 'नैसर्गिक रंगाची' एवढंच होतं, आणि मेपल शरदात लाल होतोच. १९९४ साली ढालीभोवती ब्रीदाची नवी फीत आली, ती मात्र खरी भर.

लेटरहेडवर "ते नवे सिंह टाका" म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनाही सांगून ठेवतो: नवे असोत की जुने, परवानगीशिवाय वापरायला २००५ च्या कायद्यानं बंदी आहे. मी छापत नाही.