व्हॅक्यूम नळ्यांची फेरजोडणी

व्हॅक्यूम नळ्यांची फेरजोडणी : सुपरचार्जर किंवा टर्बो असलेल्या गाडीत इंजिनात दाबून भरल्या जाणाऱ्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, एकसारखा राहावा म्हणून त्या दाबावर ताबा ठेवणाऱ्या झडपांच्या बारीक नळ्या बदलणे किंवा त्यांची जोडणी नव्याने करणे. विदर्भातल्या खेड्यांत सुपरचार्जरची गाडी सहसा पाहायला मिळत नाही. टर्बो डिझेलच्या जीप आणि मालवाहू पिकअप मात्र गावोगाव आहेत. वरुड-मोर्शीकडून संत्रा भरून निघालेली किंवा हिंगणघाटच्या बाजारात कापूस टाकायला चाललेली गाडी चढावर बसते, तेव्हा चालक मिस्त्रीला सांगतो, "गाडी दम धरत नाई." मग टर्बो उघडण्याची भाषा सुरू होते. त्याआधी पाहायला हवी ती वीतभर लांबीची, पेन्सिलीहून बारीक रबरी नळी.

सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये पेटंट घेतलेल्या हवा ढकलण्याच्या यंत्रावरून सुपरचार्जरचा एक मुख्य प्रकार आला. टर्बोचे पेटंट स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांचे, 1905 मधले. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतोच, ती हवी असो वा नसो. म्हणून त्याला बगलझडप देतात. गाडी हळू चालते तेव्हा पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यातला) व्हॅक्यूम, म्हणजे कमी दाबाची ओढ, या झडपेचा पडदा ओढून ती उघडी ठेवतो आणि जास्तीची हवा सुपरचार्जरभोवती फिरत राहते. एक्सलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो, स्प्रिंग झडप मिटवते आणि बूस्ट चढतो.

बूस्टची सुई थरथरते किंवा मध्येच खाली येते, त्याचे नेहमीचे कारण या झडपेच्या नळीत सापडते. एकाच टी-जोडावर ब्रेकचा बूस्टर (व्हॅक्यूमच्या ओढीने ब्रेक हलका करणारा डबा), दाबाचे घड्याळ आणि झडप अशी तिघांची सोय केली की एकाची ओढ दुसऱ्याला लागते. झडप अर्धवट उघडते आणि भरलेली हवा मागे पळते. उपाय साधा आहे : झडपेला मॅनिफोल्डवरून स्वतंत्र तोटी द्यायची, नळी आखूड आणि जाड भिंतीची घ्यायची, घड्याळाची नळी दुसरीकडून काढायची. ब्रेककडे जाणाऱ्या नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप शाबूत हवीच, नाहीतर बूस्टचा दाब ब्रेकच्या बूस्टरमध्ये शिरेल.

डिझेलची गोष्ट वेगळी. पेट्रोल इंजिनात हवा अडवणाऱ्या थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम तयार होतो. डिझेल इंजिनात हवा तशी अडवली जात नाही, म्हणून व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच डिझेल जीपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. त्याच्यावर पहिला हक्क ब्रेकचा. टर्बोच्या पंख्याभोवतीच्या पात्या दांडीने हलवणारा, आत पडदा असलेला डबाही अनेक गाड्यांत याच पंपावर चालतो.

इथे मिस्त्रीने आधी एक गोष्ट ओळखायला हवी. पात्या हलवणाऱ्या टर्बोत व्हॅक्यूमने दांडी ओढली की पात्या मिटतात आणि बूस्ट वाढतो. तिथली नळी फुटली तर पात्या उघड्याच राहतात, बूस्ट मिळत नाही आणि गाडी मरगळते. साध्या वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या, टर्बोत नळीतून बूस्टचाच दाब डब्यात जातो आणि प्रमाणाबाहेर गेला की वेस्टगेट उघडतो. ती नळी फुटली किंवा निघाली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट हाताबाहेर जातो. भेग तीच, दुखणे नेमके उलटे. जादा पिकअपच्या हौसेने ही दुसरी नळी चिमटून किंवा बांधून ठेवणारे आहेत. चार दिवस गाडी पळते खरी, पण किंमत हेड गॅस्केटला, नाहीतर टर्बोच्या शाफ्टला मोजावी लागते. हा प्रकार कोणीही करू नये.

स्थिर बूस्टची खरी परीक्षा मेळघाटात होते. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला चढताना वळणाआधी चालक ब्रेक दोन-तीनदा दाबतो, गिअर उतरवतो आणि वळण संपताच एक्सलरेटर देतो. नेमक्या त्या घडीला गाडी क्षणभर उठत नाही, मग झटका देऊन निघते. पंप थकलेला असेल तर ब्रेकने व्हॅक्यूम खाल्लेला असतो आणि पात्या मिटवायला पुरेसा जोर उरलेला नसतो. त्यात चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच. हवा विरळ असल्याने पंप कितीही चांगला असला तरी समुद्रसपाटीवर मिळणाऱ्या व्हॅक्यूमपेक्षा तिथे साधारण 85 ते 90 मिलिमीटर पारा कमीच मिळतो.

या दुखण्यावर करण्याजोगी फेरजोडणी एकच. टर्बोकडे जाणाऱ्या फांदीवर एकदिशा झडप आणि तिच्यापुढे लहानशी व्हॅक्यूमची टाकी बसवायची. ब्रेकने ओढ घेतली तरी टाकीतला साठा टर्बोला पुरतो. टाकीची जागा मात्र चुकता कामा नये. ती पंप आणि सोलेनॉइड (विजेच्या इशाऱ्यावर डब्याला व्हॅक्यूम देणारी-तोडणारी झडप) यांच्या मध्ये हवी. सोलेनॉइड आणि डबा यांच्या मध्ये घातली तर प्रत्येक इशारा आधी टाकी भरण्यात अडकतो आणि बूस्ट आणखीच मागे पडतो. फांदीही पंपाच्या बाजूने काढायची. ब्रेकचा बूस्टर आणि त्याची स्वतःची एकदिशा झडप यांच्यामध्ये कधीही छेद द्यायचा नाही. तिथली नळी सुटली तर घाटात ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि भरल्या गाडीत ते जिवावर बेतते.

नळीचा माल हा या भागातला मोठा प्रश्न. हाताशी असते ते वापरायची सवय आहे : सायकलची वालट्यूब, सलाईनची नळी, फवारणी पंपाची नळी, ठिबकचा जोड. त्यामागची अडचण खरी आहे, कारण तालुक्याच्या गावीही योग्य नळी लगेच मिळत नाही. पण वालट्यूब इतकी पातळ असते की व्हॅक्यूम लागताच आतून चिकटते आणि वाट बंद होते. सलाईनची नळी इंजिनच्या उष्णतेने मऊ पडून तोटीवरून घसरते. सिलिकॉनची नळी उष्णतेला टिकते, पण पातळ भिंतीची असेल तर तीही चेपते, आणि तेलाच्या वाफा असतील तिथे ती लवकर फुगते. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा बॉनेटखाली साध्या रबराचे काय होत असेल ते नळी दुमडली की कळते : बाहेरून काळीभोर दिसणारी नळी बोटाखाली कट्कन मोडते. भेगा बहुतेक टोकाला, तोटीवर ताणलेल्या भागात पडतात. बाकीची नळी चांगली असेल आणि लांबी पुरत असेल तर टोक एक सेंटिमीटर कापून पुन्हा बसवणे एवढीच दुरुस्ती पुरते. उंदरांनी कुरतडलेली नळी वेगळी ओळखू येते, तिच्या कडा दातेरी असतात.

धुळीचा त्रास याहून छुपा. सोलेनॉइडला बाहेरची हवा घेण्यासाठी एक लहान गाळणी असते. वणी-घुग्घुसच्या कोळशाच्या रस्त्यांवर ती भुकटीने बुजते, तर जिनिंगच्या आवारात रुईच्या तंतूंनी. गाळणी बुजली की व्हॅक्यूम सुटत नाही, पात्या मिटलेल्याच राहतात आणि बूस्ट खाली यायला उशीर लावतो. अशा गाडीची नळी बदलून काही साधत नाही.

तपासणीला महागडे यंत्र लागतेच असे नाही. मिस्त्री डब्याची नळी काढून तोंडाने हवा ओढतात आणि टोकाला जीभ लावून धरतात. दांडी वर जाऊन तिथेच थांबली आणि जीभ चिकटून राहिली तर पडदा धड आहे. ओढ हळूहळू सैल झाली तर पडदा गळतो आहे. दाबाच्या नळ्यांवर शाम्पूचे पाणी टाकून इंजिन रेस केले की भेगेवर फेस येतो. व्हॅक्यूमच्या नळीवर हा उपाय चालत नाही, कारण ती पाणी आत ओढते. तिथे हाताने चालणारा व्हॅक्यूम पंपच घ्यावा. चढाव लागणाऱ्या भागातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये तो असायला हवा.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे. खराब नळी त्याच मापाच्या चांगल्या नळीने बदलणे ही दुरुस्ती. बूस्ट कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेणारी जोडणी दुरुस्तीत बसत नाही. काम झाल्यावर गाडी रिकामी पळवून पाहण्यात अर्थ नसतो. माल भरून, तिसऱ्या गिअरमध्ये, लांब चढावर तिचा ओढा एकसारखा राहतो का, हे पाहावे. इंजिन बंद केल्यावर टाकीची नळी काढताना "फुस्स" असा आवाज आला तर साठा टिकला आहे असे धरतात.