मॅडिसनच्या चिखलात

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातली मॅडिसन नदी म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्यांची पंढरी. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन यांच्या संगमातून ती निघते आणि थ्री फोर्क्सजवळ आणखी दोघींना मिळून मिसुरी होते. १९९१ पर्यंत तिच्या वरच्या टप्प्यात मैलाला साधारण ३,३०० रेनबो ट्राउट होते. १९९४ मध्ये उरले ३००च्या आसपास.

वाहत्या नदीतले मासे मोजले कसे, हा प्रश्न रास्त आहे. होडीत जनरेटर ठेवतात आणि विजेचं एक टोक पाण्यात सोडतात. मासे त्या टोकाकडे ओढले जातात आणि क्षणभर गुंगतात. जाळीने उचलायचं, लांबी मोजायची, पराचा कोपरा कात्रीने कापायचा आणि पुन्हा पाण्यात. आठ-पंधरा दिवसांनी त्याच टप्प्यात पुन्हा फेरी. समजा पहिल्यांदा २०० माशांवर खूण केली आणि दुसऱ्या फेरीत १५० सापडले, त्यांत ३० खुणेचे. म्हणजे सापडलेल्यांत पाचातला एक खुणेचा. मग नदीत एकूण साधारण १,००० मासे असणार. शाळेतलं त्रैराशिकच हे, फक्त ओल्या कपड्यांनी सोडवलेलं.

डिक व्हिन्सेंट हे मोंटानाचे सरकारी मत्स्यशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हीच मोजदाद करत आले होते. त्यांच्या आकड्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली : रेनबोचे मोठे मासे होते, पिल्लंच दिसेनाशी झाली होती. आणि त्याच पाण्यातले ब्राउन ट्राउट मात्र मजेत होते. दुष्काळ, धरण किंवा गळवाले, यांतला कोणी दोषी असता तर दोन्ही जातींना फटका बसला असता.

१९९४ च्या अखेरीस कारण सापडलं : एक रोग. तो जर्मनीत ब्रुनो होफर यांनी १९०३ मध्येच नोंदवला होता. जर्मन नावाचा अर्थ सरळ आहे, ‘गरगर फिरण्याचा रोग’. आजारी पिल्लू भोवऱ्यासारखं स्वतःच्या शेपटीमागे फिरत राहतं. शेपूट काळी पडते, कणा वाकतो. गरगरणाऱ्या पिल्लाला धड खाता येत नाही आणि बगळ्याला चुकवताही येत नाही.

रोगकारक परजीवीचं नाव मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस. त्याचा जीवनक्रम कळायला १९८४ साल उजाडलं, कारण तो दोन वेगवेगळ्या देहांत जगतो आणि दोन्ही रूपं इतकी निराळी, की असे जीव प्राणिशास्त्रात दोन वेगळ्या वर्गांत घातलेले होते. रोगी मासा मरून कुजला की बीजाणू चिखलात उतरतात. तिथे ट्युबिफेक्स नावाचा किडा चिखलाबरोबर ते गिळतो. घरी माशांची काचपेटी असलेल्यांना हा किडा ठाऊक असेल. दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळणारा, केसांच्या गुंत्यासारखा वळवळणारा लालसर गोळा तो हाच. गांडुळाचा हा लांबचा भाऊ गाळात फोफावतो.

किड्याच्या आतड्यात सुमारे तीन महिने काढून परजीवी नवं रूप घेऊन बाहेर पडतो. विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ आठवा. तीन आकड्यांचा तसलाच, फक्त डोळ्यांना जेमतेम दिसेल-न दिसेल एवढा. पाण्याबरोबर तरंगत तो जातो. काही दिवसांत मासा भेटला नाही तर संपला. भेटला तर कातडीला चिकटतो, आतली सामग्री माशाच्या अंगात सोडतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने डोक्या-कण्यापर्यंत पोचून तिथली कूर्चा, म्हणजे हाडासारखाच पण मऊ, लवचिक भाग, खातो. मोठ्या माशाची कूर्चा हाड बनून गेलेली असते, म्हणून तो निभावतो. काही आठवड्यांच्या पिल्लाचा सांगाडाच कूर्चेचा. पिल्लंच का नाहीशी झाली, ते आता कळलं.

हा परजीवी कुणाचा नातेवाईक म्हणाल? जेलीफिशचा! डीएनएवरून तसं सिद्ध झालं आहे. माशाला चिकटायला तो वापरतो ती यंत्रणाही जेलीफिशच्या डंखपेशींच्याच कुळातली.

ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा आणि हा परजीवीही. दोघांची जुनी ओळख, त्यामुळे ब्राउनच्या अंगात प्रतिकार आहे. रेनबो पॅसिफिकच्या काठचा. त्याने हा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. माणसाने मासे इकडचे तिकडे नेले आणि गाठ घालून दिली. १९५० च्या दशकात रोग पेन्सिल्व्हेनियात दिसला आणि पुढे राज्याराज्यांत पोचला. हौदांत वाढवलेल्या रोगी माशांची ने-आण हे त्यामागचं मोठं कारण.

मासे घटले की वरून मासे सोडायचे, हा जगभरचा हमखास उपाय. गंमत अशी, की तो कसा उलटतो हे याच मॅडिसनवर, याच व्हिन्सेंट यांनी आधीच दाखवलं होतं. हौदातले मासे सोडणं थांबवलेल्या टप्प्यात रानटी ट्राउट झपाट्याने वाढले. जिथे मासे सोडले जात नव्हते अशा ओढ्यात नव्याने सोडायला सुरुवात केली तर तिथले रानटी घटले. १९७४ मध्ये मोंटानाने ट्राउटच्या वाहत्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं. दुकानदार आणि गळवाल्यांच्या रागाला न जुमानता घेतलेला हा निर्णय मला त्या साऱ्या कथेतला सर्वांत धाडसी वाटतो.

आपल्याकडचं उदाहरण फार लांब नाही. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला तयार झालेली निळ्या परांच्या महाशीर माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) कावेरीत सोडली गेली. ती तिथे रुळली. कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर मात्र विरळ होत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं ही इतर कारणंही होतीच. त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८ मध्ये आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला.

मात्र ‘कधीच सोडू नका’ असा नियमही करता येत नाही. रेनबोचं एक वाण जर्मनीच्या हौदांत पिढ्यान्‌पिढ्या या रोगाशी झगडत तगलं होतं. कोलोरॅडोने त्याचा स्थानिक रेनबोशी संकर केला आणि ती पिल्लं नद्यांत सोडली. काही ठिकाणी ती टिकली, वाढली. मॅडिसनमध्ये रेनबो पुष्कळसे सावरले ते कुणी न सोडता. जी पिल्लं वाचली त्यांचीच पुढची प्रजा.

परजीवी मात्र गेलेला नाही. त्याचा बीजाणू आपल्या तांबड्या रक्तपेशीएवढा असतो आणि चिखलात वर्षानुवर्षं तग धरतो. म्हणून तिथले जाणते गळवाले एका नदीतून दुसरीकडे जाण्याआधी गाडीच्या मागे बसून, ब्रशने बुटांच्या तळाचा चिखल खरवडत असतात, आणि बूट उन्हात पालथे घालतात.