प्रथिनांचे प्रमाण नेमके कुठे ठरते? एका वादाची पार्श्वभूमी

कर्करोगाच्या गाठीत कोणती जनुके जोरात चालू आहेत, हे सांगणारे बरेचसे अहवाल आज एमआरएनए, म्हणजे जनुकाची प्रथिन बनवण्यासाठी काढलेली प्रत, मोजून तयार होतात. त्यावरून अमुक प्रथिन वाढले, तमुक घटले असे अनुमान काढले जाते. ते कितपत धरून चालायचे यावर २०११ ते २०१५ या काळात मोठा वाद झाला. एमआरएनएची पातळी प्रथिनातला ‘४० टक्केच’ फरक समजावते, हे त्या वादातले वाक्य अजूनही चर्चेत फेकले जाते. हा आकडा कसा आला आणि पुढे त्याचे काय झाले, हे मात्र क्वचितच कुणी सांगतो.

जनुकांचे नियंत्रण म्हणजे प्रतिलेखनाचे (डीएनएवरून एमआरएनए लिहिण्याच्या कामाचे) नियंत्रण, ही समजूत जीवाणूंवरच्या कामातून रुजली. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिल्यावर ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो, मग काही काळ वाढ थांबते आणि नंतर तो लॅक्टोजकडे वळतो, हे १९४१ च्या सुमारास नोंदले गेले होते. त्याचा उलगडा १९६१ मध्ये झाला. लॅक्टोज वापरणारी तीन जनुके डीएनएवर एका ओळीत आहेत, त्यांच्या तोंडाशी एक दमनकारक रेणू बसतो, आणि तो उठला की तिन्ही जनुकांचा मिळून एकच एमआरएनए तयार होतो. हा दमनकारक आरएनए असावा, असा सुरुवातीला मांडणी करणाऱ्यांचाच कल होता. तो प्रथिन आहे हे १९६६ मध्ये प्रत्यक्ष हाती लागले. एका पेशीत त्याच्या साधारण दहाच प्रती असतात. जनुक दाबण्याऐवजी चालू करणारीही प्रथिने असतात, हे अरॅबिनोज पचवणाऱ्या जनुकांवरून सांगणाऱ्यांना मात्र कित्येक वर्षे कुणी दाद दिली नाही. ऑपेरॉनची, म्हणजे एका ओळीतल्या आणि एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांची, ही मांडणी इतकी नेटकी होती की तिच्या बाहेरचे काही ऐकायला लोक तयार नव्हते.

जीवाणूत ही मांडणी चपखल बसण्याला कारण आहे. तिथे एमआरएनए काही मिनिटेच टिकतो आणि त्याचे लेखन पूर्ण व्हायच्या आतच रायबोझोम (प्रथिन बनवणारी यंत्रे) त्याच्यावर चढलेले असतात. त्यामुळे लेखन थांबवले की थोड्याच वेळात प्रथिनाची निर्मितीही थांबते. केंद्रक असलेल्या पेशीत या दोन कामांमध्ये जागेचे आणि वेळेचे अंतर पडते. तिथल्या प्रतिलेखनाचा इतिहास मोठा आहे: १९७७ मध्ये तुकड्यातुकड्यांची जनुके सापडली, १९८१ मध्ये दुरून काम करणारे वर्धक डीएनए-तुकडे, आणि १९९६ मध्ये हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) अ‍ॅसिटिल गट चढवणारे केंद्रकातले पहिले विकर ओळखले गेले. त्याची उजळणी इथे नको. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

कमी लिहिले गेले ते दुसऱ्या प्रवाहावर, म्हणजे एमआरएनए लिहून झाल्यानंतरच्या नियंत्रणावर. त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण लोह साठवणाऱ्या फेरिटिनचे आहे. पेशीत लोह वाढले की फेरिटिन वाढते, पण त्यासाठी नवा एमआरएनए लिहिला जावा लागत नाही; आधीचाच कामाला लागतो. याची यंत्रणा १९८७ पासून उलगडत गेली. फेरिटिनच्या एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाजवळ सुमारे ३० अक्षरांचा एक वळसा असतो. लोह कमी असताना एक प्रथिन त्या वळशाला धरून बसते आणि रायबोझोमच्या लहान भागाला चढू देत नाही. लोह आले की ते सुटते. तसेच वळसे लोह पेशीत आणणाऱ्या ग्राहकाच्या एमआरएनएवर शेवटच्या टोकाकडे असतात. तिथे तेच प्रथिन बसले की एमआरएनए तुटण्यापासून वाचतो आणि ग्राहक वाढतात. म्हणजे लोह कमी पडले की एकाच प्रथिनामुळे साठवण थांबते आणि आवक वाढते, आणि दोन्ही निर्णय प्रतिलेखन उरकल्यानंतरचे असतात.

प्रथिन तोडण्याच्या बाजूचे उदाहरण याहून ठळक आहे. ऑक्सिजनची कमतरता ओळखणाऱ्या यंत्रणेतला एक घटक पेशी सतत बनवते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत तोडून टाकते. ऑक्सिजन घटला की तोडणे थांबते आणि प्रथिन साचते. त्याचा एमआरएनए मोजत बसणाऱ्याला यातले फारसे काही दिसणार नाही. १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत सापडलेल्या २२ अक्षरांच्या आरएनएचेही तसेच. त्याच्यामुळे एक प्रथिन नाहीसे होत होते, पण त्या प्रथिनाचा एमआरएनए जवळपास होता तेवढाच दिसत होता. या शोधाकडे २००० पर्यंत एका कृमीतली विचित्र गोष्ट म्हणून पाहिले गेले. त्याला नोबेल मिळाले ते २०२४ मध्ये.

इतके असूनही प्रतिलेखनाचेच पारडे जड राहिले, आणि त्यात मोजमापाच्या सोयीचा मोठा हात होता असे मला वाटते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हजारो जनुकांचे एमआरएनए एकाच वेळी मोजता येऊ लागले. आरएनएचा डीएनए करून त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. प्रथिनाच्या प्रती काढण्याची अशी सोय नाही. जेवढे प्रथिन नमुन्यात आहे तेवढ्यावरच वस्तुमानमापकाला (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला) काम भागवावे लागते. यीस्टमध्येच काही प्रथिने पेशीमागे ५० पेक्षा कमी, तर काही दहा लाखांहून जास्त असतात. एवढा पल्ला एका मोजणीत पकडणे अवघड, म्हणून एमआरएनए मोजायचा आणि प्रथिनाबद्दल बोलायचे अशी प्रथा पडली.

या प्रथेला पहिला जोराचा धक्का १९९९ मध्ये बसला, तोही यीस्टमुळेच. शंभराच्या आसपास जनुकांची दोन्ही बाजूंनी तुलना केली, तेव्हा एमआरएनए सारखाच असलेल्या काही जनुकांच्या प्रथिनांत २० पटींहून अधिक फरक निघाला. उलट, काही प्रथिने सारख्या प्रमाणात असताना त्यांच्या एमआरएनएत ३० पटींपर्यंत फरक होता. फार मुबलक प्रथिने वगळली तर दोहोंतला मेळ आणखी ढिला पडत होता.

मग २०११ मध्ये तो अभ्यास आला, ज्यामुळे वाद पेटला. उंदराच्या तंतुजनक पेशी जड अणू असलेल्या अमिनो आम्लांवर वाढवल्या गेल्या, म्हणजे नवे प्रथिन जुन्यापासून वेगळे ओळखता येईल. त्याच वेळी त्यांना बदललेले युरिडिन दिले, म्हणजे नवा आरएनएही वेगळा काढता येईल. अशा रीतीने पाच हजारांहून अधिक जनुकांसाठी चार गोष्टी एकत्र मिळाल्या: एमआरएनए किती, तो किती टिकतो, प्रथिन किती, ते किती टिकते. एमआरएनएचे मध्यक अर्धायुष्य (निम्मे रेणू तुटायला लागणारा वेळ) ९ तास निघाले, प्रथिनांचे ४६ तास. प्रयोग म्हणून हे काम मोठेच होते, आणि आजही त्या आकड्यांचा आधार घेतला जातो.

अडचण निष्कर्षाची होती. एमआरएनएच्या पातळीने प्रथिनांतल्या तफावतीचा सुमारे ४० टक्के भाग समजावला, आणि उरलेल्यातला मोठा वाटा भाषांतरणाच्या, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनण्याच्या, वेगाला दिला गेला. पेशीतले प्रथिनांचे प्रमाण प्रामुख्याने भाषांतरणाच्या पातळीवर नियंत्रित होते, असे शोधनिबंधाच्या सारांशातच ठामपणे म्हटले होते.

इथे थोडे थांबून पाहायला हवे. भाषांतरणाचा वेग या प्रयोगात मोजलेला नव्हता. तो हिशेबाने काढलेला होता: प्रथिन एवढे आहे, ते या वेगाने तुटते, एमआरएनए एवढा आहे, म्हणजे दर एमआरएनएमागे ताशी एवढे प्रथिन बनत असले पाहिजे. हिशेब चुकीचा नाही. पण अशा हिशेबात इतर तिन्ही मोजमापांतली प्रत्येक चूक शेवटी भाषांतरणाच्या खात्यावर जमा होते. एखाद्या जनुकाचे प्रथिन चुकून दहा पट कमी मोजले गेले, तर त्याचे भाषांतरण दहा पट मंद दिसेल. एमआरएनएच्या मोजणीत गोंगाट असला, तर एमआरएनए आणि प्रथिन यांचा मेळ कमी दिसेल, आणि तो तुटवडाही भाषांतरणाचाच मानला जाईल.

आणि प्रथिनांच्या आकड्यांत पद्धतशीर दोष होताच. वस्तुमानमापकाचा संकेत प्रत्यक्ष प्रतींमध्ये बदलताना जी मोजपट्टी लावली होती, तिने सर्वांत मुबलक प्रथिने सोडून बाकीच्यांची संख्या कमी दाखवली. ज्या प्रथिनांच्या प्रती आधी स्वतंत्र पद्धतींनी मोजलेल्या होत्या, त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर हे लक्षात आले. मूळ गटाने २०१३ मध्ये दुरुस्ती छापून प्रतींचे आकडे वाढवले, पण मुख्य निष्कर्ष मागे घेतला नाही.

२०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण केले. दोष काढून आणि मोजणीतला गोंगाट हिशेबात धरून ४,२१२ जनुकांसाठी एमआरएनएचा वाटा किमान ५६ टक्के निघाला. त्यांचा दुसरा मार्ग मला अधिक पटण्यासारखा वाटतो. २००९ पासून एक नवी पद्धत हाताशी होती. पेशीतला आरएनए विकराने तोडायचा. रायबोझोमखाली झाकलेले साधारण ३० अक्षरांचे तुकडे तेवढे वाचतात. ते वाचून कोणत्या एमआरएनएवर किती रायबोझोम बसले होते ते काढायचे. अशा थेट मोजलेल्या भाषांतरणातली तफावत २०११ च्या हिशेबातल्या तफावतीच्या अवघी १२ टक्के होती, आणि कोणते जनुक वेगवान व कोणते मंद, यावरही दोन्हींचे फारसे जमत नव्हते. या मार्गाने एमआरएनएचा वाटा ८१ टक्क्यांच्या आसपास गेला.

४० आणि ८१ यांतला फरक एवढा मोठा आहे की एक बाजू खोटी ठरवण्याचा मोह होतो. माझ्या मते २०११ चा निष्कर्ष टिकत नाही, कारण जी गोष्ट मोजलीच नव्हती तिला सर्वांत मोठे श्रेय दिले गेले. पण ८१ टक्के हे फेरिटिनसारख्या उदाहरणांना दिलेले उत्तरही नाही. हे सगळे आकडे एका विशिष्ट प्रश्नाचे आहेत: एकाच स्थिर पेशीत ‘अ’ जनुकाचे प्रथिन ‘ब’ जनुकापेक्षा जास्त का? तिथे जनुकाजनुकांतला फरक हजारो पटींचा असतो आणि त्याचा मोठा भाग एमआरएनएतच दिसणे स्वाभाविक आहे. डॉक्टरला किंवा औषध शोधणाऱ्याला पडणारा प्रश्न वेगळा असतो: एकाच जनुकाचे प्रथिन या रुग्णात जास्त आणि त्या रुग्णात कमी का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही, आणि वाद रंगात आला तेव्हा दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी ते सर्रास लावले.

दोन प्रश्नांतले अंतर २०१४ मध्येच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ९५ नमुन्यांत दिसले. एकेका गाठीतली सगळी जनुके घेतली, तर एमआरएनए आणि प्रथिन यांचा सहसंबंध सरासरी ०.४७ होता. एकेक जनुक घेऊन गाठीगाठींत तुलना केली, तर तो ०.२३ वर उतरला. त्यातही चयापचयाच्या जनुकांत मेळ बरा होता, तर रायबोझोमचे घटक आणि मायटोकाँड्रियातली ऊर्जेची यंत्रे यांच्यात तो फारच कमी. ही सगळी अनेक घटकांची जुळणी करून बनणारी यंत्रे आहेत. अशा यंत्राचा एखादा घटक जादा बनला तर जोडीदार न मिळालेल्या प्रती पेशी सहसा तोडून टाकते, आणि मग एमआरएनएतली वाढ प्रथिनापर्यंत पोहोचत नाही.

वेळेचा प्रश्न तिसराच. २०१० मध्ये एकेकट्या जीवाणूंमध्ये दोन्ही मोजले, तेव्हा एका क्षणी एका पेशीत एका जनुकाचा एमआरएनए आणि त्याचे प्रथिन यांच्यात काहीच सहसंबंध सापडला नाही. एमआरएनए मिनिटांत विरतो, प्रथिन पेशी विभागल्यानंतरही उरते. त्यामुळे प्रथिनाचा साठा मागच्या बऱ्याच काळाचा असतो आणि एमआरएनए त्या घडीचा. एकेका पेशीतला आरएनए वाचण्याची आजची लाट पाहता हा निष्कर्ष जेवढा आठवला जायला हवा तेवढा आठवला जात नाही. पुढे २०१५ मध्ये जिवाणूंच्या घटकाने चेतवलेल्या प्रतिकारपेशींचा तासातासाने मागोवा घेतला गेला. प्रतिकाराची नव्याने लागणारी प्रथिने मुख्यतः एमआरएनए वाढल्यामुळे वाढली. पेशीत आधीपासून मुबलक असलेल्या मूलभूत यंत्रणेतले बदल मात्र भाषांतरण आणि विघटन यांच्या वेगामुळे झाले.

याच काळात ऑपेरॉनकडेही नव्याने पाहिले गेले. ई. कोलायमध्ये एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणाऱ्या यंत्राचे आठही घटक एकाच एमआरएनएवर ओळीने असतात. जुन्या मांडणीप्रमाणे त्यांचे चालू-बंद होणे एकत्र व्हायला हवे, आणि तसे ते होतेही. पण यंत्राला काही घटकांची एकच प्रत लागते, काहींच्या तीन, आणि पटलात फिरणाऱ्या चक्राच्या घटकाच्या दहा. २०१४ मध्ये रायबोझोमखालचे तुकडे मोजले, तेव्हा त्या एकाच एमआरएनएवर प्रत्येक घटक जवळपास याच प्रमाणात बनवला जाताना दिसला. प्रतिलेखन सर्वांना सारखेच असताना दहा पटींचा हा फरक पूर्णपणे भाषांतरणातून येतो. आणि जनुकाजनुकांतली तफावत मोजणाऱ्या मोठ्या बेरजेत त्याचा वाटा किरकोळच भरेल.