लॅपटॉप तोच, गेम तोच, मग अडतंय कुठे?

लॅपटॉपवर गेम अडकतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, सेटिंगमध्ये जा आणि सगळं लो कर. आळशी सल्ला आहे हा. त्याने गेम भिकार दिसायला लागतो आणि बरेचदा चालतो तसाच, कारण नेमकं कुठे अडतंय ते कोणी बघितलेलंच नसतं.

आधी थोडा हिशोब करू. ६० एफपीएस हवे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, तर एक फ्रेम तयार करायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात प्रोसेसरने ठरवायचं की कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली वगैरे, आणि ग्राफिक्स चिपने ते सगळं रंगवायचं. फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, ते सेकंदाला ६० वेळा, झाले १२ कोटींच्या वर, आणि उजेड, धुकं, काचेतलं प्रतिबिंब असं काय काय असल्यामुळे एकेका पिक्सेलवर अनेकदा हात फिरतो. तेच ७२०पी, म्हणजे १२८० गुणिले ७२० केलं की ९ लाख २१ हजार ६०० पिक्सेल उरतात, सव्वादोन पट कमी काम.

म्हणून पहिली टेस्ट ही करा, बाकी काही न बदलता फक्त रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, ७२०पी करून बघा. एफपीएस दणकून वाढले तर ग्राफिक्स चिप दमलीये. जवळपास तेवढेच राहिले आणि एफपीएसला कुठे लिमिट लावलेलं नाहीये, तर प्रोसेसर अडलाय, मग धुकं नि प्रतिबिंबं कितीही कमी करा, फारसा फरक पडणार नाही, तिथे रस्त्यावरची गर्दी आणि किती लांबचं दिसावं ते सेटिंग कमी करायचं.

आता वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले लॅपटॉप, म्हणजे ज्यात ग्राफिक्स प्रोसेसरच्याच आत असतं. इथली खरी गोची बहुतेक लोकांना माहीतच नसते. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते आपली साधी रॅमच वापरतं, आणि त्याच रॅममधून प्रोसेसरलाही डेटा हवा असतो, म्हणजे संध्याकाळी दादरला दोन गाड्या एकदम लागल्या आणि सगळी पब्लिक एकाच पुलावर चढली तसं. डीडीआर४ ३२०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. तुलनेला बघा, जुनं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड फक्त स्वतःसाठी सेकंदाला १२८ जीबीचा रस्ता ठेवून बसलेलं असतं. चिपमध्ये दम असतो हो, तिला माल वेळेवर मिळत नाही.

आमच्या भांडुपच्या शेजारचा कॉलेजातला पोरगा विचारत आला, काका नवीन लॅपटॉपच घ्यावा लागेल का. म्हटलं आधी टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे स्लॉट वापरात २ पैकी १ असं दिसलं. म्हणजे ८ जीबीची एकच पट्टी आणि शेजारची जागा रिकामी. लॅमिंग्टन रोडला जाऊन तशीच दुसरी पट्टी आणली, घरीच बसवली, आणि जो गेम स्लाइड शो सारखा चालायचा तो पोरगा आरामात खेळायला लागला. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे पैसे घेऊन ग्रँट रोडला उतरायच्या आधी मॉडेल नंबर टाकून बघून घ्या.

वेगळं कार्ड असेल तर गणित बदलतं. टेक्श्चर, म्हणजे भिंतीवरचं, कपड्यांवरचं बारीक काम, कार्डाच्या मेमरीत मावतंय तोवर ते हाय ठेवलं तरी स्पीडवर फारसा परिणाम होत नाही, पण मेमरी भरून वाहायला लागली की वळणावर गचके बसतात. सावल्या मात्र महाग. दिव्याच्या जागेवरून काय काय दिसतं ते चित्र चिपला आधी वेगळं काढावं लागतं, आणि २०४८ गुणिले २०४८ चा एक सावलीचा नकाशा म्हणजे जवळपास ४२ लाख चौकटी, आपल्या अख्ख्या स्क्रीनच्या दुप्पट! तेव्हा टेक्श्चर ठेवा आणि सावल्या कापा. लोक बरोबर उलटं करतात.

रिझोल्यूशन कमी केलं की चित्र पुसट होतं, त्यावर अपस्केलिंग, म्हणजे छोटं चित्र हुशारीने मोठं करणं, हा उपाय निघालाय. एएमडी कंपनीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं आणि त्याची पहिली तीन व्हर्जन कुठल्याही कंपनीच्या चिपवर चालतात, एनव्हिडियाच्या तशाच डीएलएसएसला मात्र त्यांचं आरटीएक्स मालिकेतलं कार्डच लागतं. फुल एचडीवर एफएसआर क्वालिटी मोडला ठेवलं तर गेम आत ७२०पी मध्येच रंगवला जातो आणि मग मोठा करून धारदार केला जातो. नंतरच्या व्हर्जनमध्ये आधीच्या फ्रेममधली माहितीसुद्धा वापरतात, कुठली गोष्ट किती सरकली ते गेमच सांगतो. जाळी, तारा, केस अशा बारीक गोष्टी थोड्या थरथरतात, पण खेळताना कोण बघतंय.

आणि मग उष्णता. पहिली दहा मिनिटं गेम मस्त चालतो आणि नंतर बसतो असं होत असेल तर चिप तापून स्वतःच स्पीड कमी करतेय. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ३३-३४ डिग्री, वर ती चिकचिक. गंमत म्हणजे दमटपणाचा त्रास आपल्याला होतो, लॅपटॉपला नाही. आपण घाम वाळवून गार होतो आणि दमट हवेत तो वाळत नाही, लॅपटॉपला घामच येत नाही. त्याच्या तांब्याच्या नळीत थोडं पाणी असतं, ते चिपजवळ वाफ होतं आणि पंख्यासमोरच्या जाळीजवळ परत पाणी, पण नळी सीलबंद, मुंबईची हवा तिथे पोचत नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं, म्हणजे खोली दहा डिग्रीने गार केली की चिपही साधारण तेवढीच गार. खालचं झाकण उघडलंत तर पंखा आणि जाळीच्या मधे राखाडी नमद्यासारखा धुळीचा थर बसलेला दिसेल, तो चिमटीने अख्खा निघतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते.

एफपीएसला लिमिट लावणं हाही उष्णतेवरचाच इलाज. चिप हळू चालली की तिला व्होल्टेजही कमी लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे स्पीड थोडा कमी केला तरी ताप बराच उतरतो. फक्त आकडा असा ठेवा की स्क्रीन सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलते, म्हणजे तिचे हर्ट्झ, त्याला त्याने पूर्ण भाग जाईल, ६० हर्ट्झला ३०, १२० ला ४०, १४४ ला ४८. साठच्या स्क्रीनवर ४० लावलं तर एक फ्रेम एकदा दिसते आणि पुढची दोनदा, आणि चालणं लंगडं वाटतं.

आणि ती गेम बूस्टर नावाची ॲप्स. मागे चालू असलेले दोन-चार प्रोग्राम बंद करतात, ते तुम्ही स्वतः पण करू शकता. रॅमची दुसरी पट्टी काय त्यांच्यातून बाहेर पडत नाही.