सेनाइट

सेनाइट म्हणजे सात रात्री, अर्थात एक आठवडा. उच्चार 'सेनिट' असाही होतो. हा जुना इंग्रजी शब्द आता वापरातून गेल्यातच जमा आहे.

'सेव्हन' आणि 'नाइट' जोडून उच्चारताना मधला 'व' झिजला. जुन्या छपाईत गळलेल्या अक्षरांच्या जागी, म्हणजे 'से'नंतर, लोपचिन्ह (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) दिसते: se'nnight. ते 'न'नंतर टाकणे ही नेहमीची चूक. 'सेव्हन' हा आपल्या 'सप्त'चा आणि 'नाइट' हा 'नक्त'चा भाऊबंद, त्यामुळे शब्दाचे दोन्ही तुकडे संस्कृतच्या गोतातले आहेत.

काळ रात्रींनी मोजण्याची रीत जर्मानिक टोळ्यांची; रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८च्या सुमारास ती नोंदवली आहे. नवरात्रही रात्रींवरूनच ओळखले जाते. मात्र मराठी 'आठवडा' आणि 'पंधरवडा' यांत आठ व पंधरा आहेत. वेल्श भाषेतही हे शब्द 'आठ रात्री' आणि 'पंधरा रात्री' असेच आहेत. इंग्रजी मात्र सात आणि चौदावर थांबते.

वाचकाची खरी अडचण होते ती वाराला जोडून आलेल्या सेनाइटने. 'सॅटरडे सेनाइट' म्हणजे येत्या शनिवारी नव्हे, त्याच्या पुढच्या. 'प्राइड अँड प्रिज्युडिस' (१८१३) या कादंबरीत कॉलिन्स सोमवार, १८ नोव्हेंबरला येऊन त्यानंतरच्या 'सॅटरडे सेनाइट'पर्यंत राहणार असल्याचे कळवतो. पहिला शनिवार २३ तारखेचा, म्हणून मुक्काम ३० पर्यंत: बारा रात्री. सेनाइट नजरेतून निसटला तर पाहुणा पाचच रात्रींचा वाटतो! वार आणि सेनाइट यांच्यामध्ये 'वॉज' आले की मोजणी उलटी, तो वार आठवडाभर मागे. 'मॅकबेथ'मधली चेटकीण नऊ गुणिले नऊ सेनाइट म्हणते, ते ८१ आठवडे, म्हणजे ५६७ रात्री.

एलिझाबेथकालीन नाटकांच्या रंगसूचनांत येणारा 'सेनेट' हा वेगळाच शब्द. तो तुतारीचा इशारा; कानाला सारखा लागतो म्हणून गफलत होते.

सेनाइट मागे पडायला 'वीक' हा सुटसुटीत शब्द आधीपासून हाताशी असणे पुरेसे होते. जोडीदार 'फोर्टनाइट'ला (चौदा रात्री, म्हणजे दोन आठवडे) असा एकशब्दी स्पर्धक नव्हता, म्हणून तो ब्रिटनमध्ये टिकला. सेनाइटची वाक्यरचनाही तिथे जिवंत आहे: 'सॅटरडे वीक'.